ज्याला मरायचंय तो मरणारच?

मंडळी, "ज्याला मरायचंय तो मरणारच, सरकार काय करणार?" हे वाक्य ऐकलं की माझ्यातला मास्तर जागा होतो. जरा श्रीलंकेकडे बघा. तिथे १९८४ पासून अतिजहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली. १९९५ नंतरच्या २० वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटलं. पिकं बुडाली नाहीत. माणसांची दुःखंही संपली नव्हती, २००९ पर्यंत तर युद्धच चालू होतं. फक्त त्या वाईट घटकेला जहाल विष हाताशी नव्हतं. घटका टळली की माणूस बहुधा वाचतो. आपण मात्र दर १० सप्टेंबरला भाषणं ठोकतो. देवीचा रोग नशिबावर सोडला नाही, मग हे का सोडायचं?

आणि कोणी "नको झालंय" म्हणालं, तर उपदेश नको. शेजारी बसा, १४४१६ला फोन लावून द्या.