व्हिसाच्या भीतीखालची मजुरी

परदेशी विद्यार्थ्याला शिकत असताना आणि शिक्षण संपल्यावर काम करण्याची मुभा किती, या प्रश्नाचे उत्तर सहसा तासांत आणि वर्षांत दिले जाते. परंतु काम करताना अन्याय झाल्यास त्या विद्यार्थ्याला निर्भयपणे दाद मागता येते की नाही, यावरच त्या मुभेचे खरे मोल ठरते. ऑस्ट्रेलियाचा गेल्या दहा वर्षांतील अनुभव याची साक्ष देतो, आणि शैक्षणिक कर्ज काढून, प्रसंगी घर किंवा शेत तारण ठेवून मुलांना मेलबर्न-सिडनीला पाठवणाऱ्या महाराष्ट्रातील कुटुंबांनी तो नीट समजून घेणे आवश्यक आहे.

ऑस्ट्रेलियाच्या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तास काम करता येते. पूर्वी ही मर्यादा ४० तासांची होती. महासाथीनंतर मनुष्यबळाची टंचाई भासू लागल्यावर जानेवारी २०२२ मध्ये ती उठवण्यात आली आणि १ जुलै २०२३ पासून वाढीव स्वरूपात पुन्हा लागू झाली. सुटीच्या काळात, तसेच संशोधनाधारित पदव्युत्तर पदवी किंवा पीएच.डी. करणाऱ्यांना, हे बंधन नाही. नियम सोपा वाटतो, पण सोमवारी सुरू होणारे कोणतेही सलग चौदा दिवस म्हणजे पंधरवडा, अशी त्यातील व्याख्या असल्याने प्रत्येक आठवडा मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही आठवड्यांशी जोडून मोजला जातो. पहिल्या आठवड्यात २०, दुसऱ्यात २८ आणि तिसऱ्यातही २८ तास काम करणाऱ्याची पहिली बेरीज बरोबर ४८ भरते, परंतु दुसरी ५६ वर जाते आणि नकळत का होईना, व्हिसाच्या अटीचा भंग होतो. भंगाची शिक्षा व्हिसा रद्द होण्यापर्यंत जाऊ शकते, आणि व्हिसा गेला की पदवी, भरलेले शुल्क व डोक्यावरील कर्ज हे सारेच अधांतरी लोंबकळते.

ही भीती मालकाच्या हातातील हत्यार कशी बनते, हे २०१५ साली उघडकीस आले. एबीसी वाहिनीचा 'फोर कॉर्नर्स' हा कार्यक्रम आणि फेअरफॅक्स वृत्तसमूह यांच्या संयुक्त शोधपत्रकारितेने सेव्हन-इलेव्हन या दुकानसाखळीच्या अनेक फ्रँचायझी दुकानांतील, म्हणजे मूळ कंपनीचे नाव वापरून स्वतंत्र मालकांनी चालवलेल्या दुकानांतील, प्रकार चव्हाट्यावर आणला. विद्यार्थ्याकडून आठवड्याला ४० तास काम करून घ्यायचे, हजेरीवहीत २० तासच दाखवायचे आणि तेवढ्यांचाच पगार द्यायचा, ही तिथली रीत होती. कागदोपत्री ताशी दर कायदेशीर दिसे. प्रत्यक्षात मजुरी निम्म्यावर येई. विद्यार्थ्याने तोंड उघडलेच, तर 'तू मर्यादेपेक्षा जास्त तास केले आहेस, कळवू का व्हिसा खात्याला?' एवढा प्रश्न त्याला गप्प बसवायला पुरेसा होता. प्रकरण उघड झाल्यावर काही मालकांनी दुसरी युक्ती काढली: पूर्ण पगार बँकेच्या खात्यात जमा करायचा आणि ठरलेली रक्कम रोखीने परत मागायची. पुढे त्या कंपनीला १५ कोटी डॉलरहून अधिक थकीत वेतन चुकते करावे लागले.

हा एका साखळीपुरता दोष होता, असे म्हणून सुटका करून घेता येत नाही. लॉरी बर्ग आणि बसिना फार्बनब्लूम या विधी-अभ्यासकांनी ४,३२२ तात्पुरत्या स्थलांतरितांची पाहणी करून २०१७ साली अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार परदेशी विद्यार्थ्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश विद्यार्थ्यांना ताशी १२ डॉलर किंवा त्याहूनही कमी मजुरी मिळत होती, जेव्हा हंगामी कामगाराचा किमान दर २२.१३ डॉलर होता.

जास्त तास काम करणारा विद्यार्थी हावरट असतो, अशी एक समजूत तिकडे आणि इकडेही आढळते. ती किती अन्यायकारक आहे, हे साध्या हिशेबाने कळते. जुलै २०२५ पासून तेथील राष्ट्रीय किमान वेतन ताशी २४.९५ डॉलर आहे आणि पगारी रजा नसलेल्या हंगामी कामगाराला त्यावर २५ टक्के वाढ मिळते, म्हणजे दर ३१ डॉलरच्या थोडा वर जातो. या दराने आठवड्याला २४ तास भरले, तर सुमारे ७४८ डॉलर हाती येतात. व्हिसा देताना सरकार एका विद्यार्थ्याचा वर्षाचा राहणीखर्च २९,७१० डॉलर, म्हणजे आठवड्याला सुमारे ५७१ डॉलर धरते. कायद्याप्रमाणे मजुरी मिळाली, तर कर वजा जाऊनही मर्यादेच्या आत राहून हा खर्च भागतो. तीच मजुरी निम्मी झाली, तर त्याच खर्चासाठी ३६ तासांहून अधिक राबावे लागते. अर्थात मजुरी बुडवणाराच विद्यार्थ्याला मर्यादा मोडायला भाग पाडतो आणि मोडलेल्या मर्यादेचा धाक घालून मजुरी बुडवत राहतो. या दुष्टचक्रात शिक्षा मात्र दीर्घकाळ विद्यार्थ्याच्याच वाट्याला येत राहिली.

ऑस्ट्रेलियाने हे ओळखले, याचे श्रेय त्या देशाला द्यायलाच हवे. २०१७ च्या कायद्याने पगार रोखीने परत मागण्यावर बंदी घातली आणि फ्रँचायझीच्या गैरप्रकारांसाठी मूळ कंपनीलाही जबाबदार धरले. जानेवारी २०२५ पासून जाणूनबुजून वेतन बुडवणे हा फौजदारी गुन्हा झाला असून त्यासाठी दहा वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. परंतु खऱ्या गाभ्याला हात घातला तो १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने. व्हिसाचा धाक दाखवून राबवून घेणे हाच त्याने गुन्हा ठरवला, आणि शोषणाविरुद्ध तक्रार करणाऱ्याचा व्हिसा अटभंगाच्या कारणावरून रद्द होऊ नये, यासाठी संरक्षणही आले. त्याच महिन्यात प्रायोगिक तत्त्वावर 'वर्कप्लेस जस्टिस व्हिसा' सुरू झाला, ज्यामुळे दाव्याचा निकाल लागेपर्यंत पीडित कामगाराला देशात थांबता येते. एका तपापूर्वी अशी तरतूद असती, तर कितीतरी तरुणांचे कष्टाचे पैसे आणि उमेदीची वर्षे वाचली असती.

शिक्षणानंतरच्या मुदतीचे दुखणे वेगळे आहे. २९ डिसेंबर २०२२ रोजी अमलात आलेल्या भारत-ऑस्ट्रेलिया आर्थिक सहकार्य आणि व्यापार करारामुळे भारतीय पदवीधरांना तेथे दोन, पदव्युत्तरांना तीन आणि पीएच.डी.धारकांना चार वर्षांपर्यंत राहून काम करता येते, आणि हे भारताने मिळवलेले मोलाचे यश आहे. मात्र नोकऱ्यांच्या अनेक जाहिराती कायमस्वरूपी रहिवासी किंवा नागरिकांनाच अर्ज करायला सांगतात. जुलै २०२४ पासून शिक्षणानंतरच्या या मुदतीच्या व्हिसासाठी बहुतेकांना वयाची अट ५० वरून ३५ वर आली, आणि हा व्हिसा असताना तेथूनच पुन्हा विद्यार्थी व्हिसा मागण्याची वाटही बंद झाली. इकडे अभ्यासक्रम संपल्यावर सहा महिने ते वर्षभरात कर्जाचा हप्ता सुरू होतो. अशा वेळी विषयाला साजेशी नोकरी शोधत थांबण्याऐवजी पदव्युत्तर अभियंता गोदामात किंवा टॅक्सीवर रुजू होतो, आणि एकदा त्या कामात अडकल्यावर अनुभवाची पाटी कोरीच राहते.

भारत सरकार वाटाघाटींत जागांच्या आकड्यांवर भर देते. वर्षाला ३,००० तरुण व्यावसायिकांना संधी देणारी 'मेट्स' योजना हे त्याचे उदाहरण आहे. दोन्ही देशांत आता व्यापक आर्थिक सहकार्य कराराची बोलणी चालू असताना तक्रारदार विद्यार्थ्याच्या व्हिसाला मिळालेले संरक्षण त्या करारात कायम स्वरूपात लिहून घेण्याचा आग्रह भारताने धरला पाहिजे. घरातही एक भगदाड आहे. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या दलालाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी सक्तीची आहे. केवळ प्रवेश मिळवून देणाऱ्या आणि विद्यापीठाकडून दलाली घेणाऱ्या एजंटाला मात्र त्या कायद्याची आडकाठी नाही, आणि 'अर्धवेळ कामातून सगळा खर्च निघेल' हे आश्वासन पुण्या-नाशिकच्या मेळाव्यांत याच वर्गाकडून दिले जाते. अशा एजंटांनाही नोंदणी सक्तीची होईपर्यंत बँकांना तरी हात बांधून बसण्याचे कारण नाही. किमान वेतनाचा चालू दर, पंधरवडा मोजण्याची रीत, वेतनचिठ्ठी मागण्याचा हक्क, आणि कामगार कायद्यांची अंमलबजावणी पाहणाऱ्या फेअर वर्क ओम्बुड्समन कार्यालयाचा पत्ता, एवढा मजकूर असलेला मराठीतील एक कागद कर्जमंजुरीच्या पत्रासोबत जोडणे त्यांना याच प्रवेश हंगामापासून शक्य आहे.