परत गेलेलं बक्षीस

स्पर्धेत पहिला नंबर आला, टाळ्या पडल्या, बक्षीस मिळालं आणि थोड्याच दिवसांत ते परत गेलं! असं कधी ऐकलंय? डिसेंबर २०२५मध्ये एका कॉम्प्युटर गेमच्या बाबतीत अगदी असंच घडलं.

गेमचं नाव 'क्लेर ऑब्स्क्युर : एक्सपिडिशन ३३'. फ्रान्समधल्या 'सँडफॉल इंटरअ‍ॅक्टिव्ह' या स्टुडिओनं बनवलेला हा गेम एप्रिल २०२५मध्ये आला आणि जगभर गाजला. 'इंडी गेम अवॉर्ड्‌स' या स्पर्धेत त्याला वर्षातला सर्वोत्तम गेम आणि सर्वोत्तम पहिला गेम अशी दोन बक्षिसं मिळाली. पण स्पर्धेचा नियम होता, की जनरेटिव्ह एआय, म्हणजे सांगितल्याबरोबर चित्र किंवा मजकूर तयार करून देणारी यंत्रणा, वापरलेला गेम चालणार नाही. 'आम्ही ती वापरलेली नाही,' असं स्टुडिओनं प्रवेशाच्या वेळी मान्य केलं होतं. प्रत्यक्षात एआयकडून करून घेतलेली थोडी तात्पुरती चित्रं गेममध्ये राहून गेली होती. ती लगेच बदललीही गेली. तरी दोन्ही बक्षिसं काढून घेतली. सर्वोत्तम गेमचा मान 'ब्लू प्रिन्स'ला मिळाला.

तुम्ही म्हणाल, "चार चित्रांसाठी एवढी शिक्षा? गेम तर कॉम्प्युटरवरच बनतो ना!"

खरं आहे. १९८४ साली डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोघांनी 'एलिट' नावाचा गेम केला. कॉम्प्युटरची मेमरी अवघी ३२ केबी! त्यात ८ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह कसे मावणार? त्यांनी ग्रह साठवलेच नाहीत. थोडे आकडे आणि एक सूत्र दिलं. कॉम्प्युटर हवा तो ग्रह गणित करून काढायचा. पण ते सूत्र त्यांच्याच डोक्यातून आलेलं होतं.

एआयचं तसं नाही. माणसांनी काढलेली असंख्य चित्रं पाहून ते शिकतं. त्यातल्या कितीतरी चित्रकारांना कुणी विचारलेलंही नसतं. मग दुसऱ्याच्या आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्यासारखंच नाही का झालं?

आवाजाचंही तेच. जुलै २०२४मध्ये अमेरिकेतल्या गेमना आवाज देणाऱ्या कलाकारांनी संप केला. तो जवळजवळ वर्षभर चालला. 'एआय बंद करा' अशी त्यांची मागणी नव्हती. आमच्या आवाजाची नक्कल करायची तर आधी विचारा आणि मोबदला द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. गेम विकणाऱ्या 'स्टीम' या मोठ्या ऑनलाइन दुकानानंही जानेवारी २०२४पासून नियम केलाय : गेममध्ये एआयनं केलेलं काही असेल, तर ते गिऱ्हाइकाला सांगायचं.

म्हणजे बघा, यंत्राची मदत घेणं हा गुन्हा नाही. ज्याची मेहनत वापरली त्याला विचारलं का आणि जे केलं ते खरं सांगितलं का, हे महत्त्वाचं. त्या गेमचं बक्षीस गेलं ते चित्रं वाईट होती म्हणून नव्हे. दिलेला शब्द खरा ठरला नाही म्हणून.

आता शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचं घ्या. मॉडेलचे खिळे बाबांनी ठोकून दिले, तर काही बिघडत नाही. पण खाली 'मी एकट्यानं केलं' असं लिहिलंत, तर? आज जेवताना घरी हा विषय काढाच. आई-बाबांनाही विचार करावा लागेल!