गावाच्या व्याख्यानात गाव कुठे आहे?

१/ शिवजयंती, गणेशोत्सव किंवा ग्रामदैवताची यात्रा आली, मंडप उभा राहिला की ‘आपल्या गावाचा गौरवशाली इतिहास’ या विषयावर एक व्याख्यान ठरलेलेच असते. वक्ते बाहेरगावाहून येतात, दोन तास अफझलखानाचा वध, पन्हाळ्याचा वेढा आणि आग्र्याहून सुटका सांगतात आणि शाल-श्रीफळ घेऊन परततात. हेच व्याख्यान आदल्या रात्री शेजारच्या तालुक्यात झालेले असते. बदलते ते केवळ गावाचे नाव. हा थ्रेड या प्रथेच्या विरोधात आहे.

२/ आक्षेप शिवचरित्राला नाही. ते सांगितले जावे, वारंवार सांगितले जावे. आक्षेप आहे तो फलकावरील विषय आणि व्यासपीठावरील आशय यांच्यातील अंतराला. ज्या व्याख्यानात एका गावाच्या जागी दुसऱ्याचे नाव घातले तरी एकही वाक्य बदलावे लागत नाही, ते त्या गावाच्या इतिहासाचे व्याख्यान नव्हे.

३/ या प्रथेमागे एक गृहीत दडलेले आहे. ‘पदस्पर्शाने पावन झालेली भूमी’ हे वाक्य त्याचे उघड रूप. कोणी राजा वा सरदार वेशीवरून गेला तरच गावाला इतिहास प्राप्त होतो, असा त्याचा अर्थ. मग जे गाव कोणाच्याच वाटेवर नव्हते, त्याचे काय? तेथे वाटच वळवली जाते. पुराव्यावाचून मुक्काम ठरतात, विहिरीवर घोडी पाणी पितात, खडकात टापांचे ठसे उमटतात. पुढच्या वर्षी तेच कमानीवर कोरले जाते.

४/ गंमत अशी की खुद्द शिवकालीन कागद गावाकडे पाठ फिरवत नाहीत. १६७३ साली चिपळूण परिसरातील छावणीच्या अधिकाऱ्यांना गेलेले शिवाजी महाराजांचे पत्र प्रसिद्ध आहे. त्यात लढाईचे वर्णन नाही. दाणा-वैरण जपून वापरावी, लष्कराने कुणब्यांचे धान्य, गवत, लाकूडफाटा, भाजीपाला ओरबाडू नये, उंदराने दिव्याची पेटती वात पळवून गवताच्या गंजी जळू नयेत, अशी चिंता त्यात आहे. राजाला जी गवताची गंजी दिसली, ती आजच्या व्याख्यात्याला दिसत नाही.

५/ सार्वजनिक व्याख्यानांची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ साली. त्याच वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठून कर्जरोखे जाळले आणि तो उठाव पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या कागदांवर होता. त्या टापूतील किती गावांच्या व्याख्यानांत आपल्या वेशीतील हा इतिहास ऐकू येतो?

६/ ‘आमच्या गावात सांगण्यासारखे काही नाही’ हे उत्तर ठरलेले आहे. तेव्हा गावात काय असते ते पाहू. देवळाच्या आवारात किंवा पारावर बहुधा एखादी वीरगळ असते. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मध्ये त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. खालच्या चौकटीत गाई कोरलेल्या असतील, तर तो बहुधा गोधन वाचवताना पडलेला माणूस. तो राजा नव्हता. तो याच शिवारातला होता.

७/ शेजारी गाढव कोरलेला दगड असेल, तर ती गधेगळ. दिलेले दान मोडणाऱ्याला वाहिलेली ती शिवी आहे, म्हणजेच जमिनीच्या हक्काचा तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. अलिबागजवळील आक्षी येथील लेख याच जातीच्या दगडावर आहे. त्यातील शक ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असा वाचला गेला आणि आद्य मराठी शिलालेखांच्या चर्चेत त्याने मानाचे स्थान मिळवले. कालवाचनावर मतभेद आहेत. तरीही एवढा महत्त्वाचा दगड अनेक वर्षे रस्त्याच्या कडेला पडून होता.

८/ सोलापूर जिल्ह्यात भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग कुडल येथे शक ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी लेख आहे. तो उजेडात आणला सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी, आपल्या जिल्ह्यातील देवळे आणि दगड चिकाटीने पाहत. मराठी भाषेच्या इतिहासातील एक पान असे स्थानिक माणसाच्या पायपिटीने लिहिले गेले. स्थानिक इतिहास म्हणजे मोठ्या इतिहासाची उरलीसुरली चिंधी, असे मानणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

९/ दगडांनंतर कागद. वतनाचा, शिवेचा, मानपानाचा तंटा गोतसभेपुढे येई आणि निवाड्याचा महजर होई. त्यावर हजर मंडळींची नावे आणि निशाण्या असत. पाटलाचा नांगर, कारागिरांची अवजारे. अक्षर न येणारी माणसेही तेथे साक्षीदार म्हणून उभी आहेत. आपल्या आडनावाचा माणूस तीनशे वर्षांपूर्वी कोणत्या भांडणात कोणाच्या बाजूने उभा राहिला, हे ऐकण्याइतके रोमांचक व्याख्यान दुसरे कोणते?

१०/ वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला, तो अशा घरोघरच्या दप्तरांच्या बळावर. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, ते याच ध्यासातून. पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तरात आजही कोट्यवधी मोडी कागद आहेत. त्यांतील मोठा भाग जमाखर्च, वसुली आणि गावोगावच्या तक्रारींचा आहे. गावाचा इतिहास नाही, असे नव्हे. मोडी वाचणारा नाही.

११/ मात्र गाव म्हणजे केवळ अभिमानाचे साहित्य नव्हे. प्रत्येक गावाला पाणवठ्याचा इतिहास आहे. कोणाची विहीर कोणती आणि कोणाला कोठे मज्जाव होता? १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचे धोरण ठरले. तरीही २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. तो हक्क आपल्या गावात कधी पोहोचला? १९५८ च्या कायद्याने महार वतने रद्द झाली, त्या जमिनींचे पुढे काय झाले? गौरवशाली व्याख्यानात हे प्रश्न नसतात, कारण श्रोत्यांत उत्तरे बसलेली असतात.

१२/ आणि १९७२ चा दुष्काळ? खडी फोडणारे हात, पाझर तलावाची माती, मिलोची भाकरी, सुकडीची रांग. रोजगार हमीचा १९७७ चा कायदा या अनुभवाच्या पायावर उभा राहिला. ते दिवस पाहिलेली माणसे आजही पारावर बसतात. पुढील दहा-पंधरा वर्षांत ती नसतील. व्याख्यानाच्या रात्री हीच माणसे शेवटच्या रांगेत बसून पन्हाळ्याचा वेढा ऐकत असतात. व्यासपीठावर त्यांना कोणी बोलावत नाही.

१३/ पहिला प्रतिवाद: अशा रूक्ष विषयाला गर्दी होणार नाही. हा श्रोत्यांचा अपमान आहे. रोज ज्या दगडाला तेल वाहिले जाते तो कोणाचा, हे समजून घेण्यास कोण येणार नाही? आणि समजा चाळीसच माणसे आली. टाळ्यांच्या संख्येवर इतिहासाची सत्यता ठरत नसते.

१४/ दुसरा प्रतिवाद अधिक गंभीर आहे: वतन, शिव, पाणवठा उकरले तर भांडणे पेटतील. ही भीती निराधार नाही. परंतु आजही गावात या गोष्टी बोलल्या जातातच, फक्त त्या आपापल्या आळीत, अफवा आणि आकस मिसळून. भर सभेत, कागद समोर ठेवून, दोन्ही बाजूंची नोंद घेऊन बोलणे हे अधिक सुरक्षित. गोतसभा दोष आणि विषमता यांपासून मुक्त नव्हती, पण निवाडा चारचौघांत व पुराव्यावर व्हावा एवढे तिला कळत होते.

१५/ तिसरा प्रतिवाद: स्थानिक अभ्यासकही गप्पाच मारतात. गावाच्या नावाची ओढूनताणून व्युत्पत्ती लावतात, प्रत्येक जुने देऊळ पांडवांनी बांधलेले ठरवतात. हे खरेच आहे. म्हणून शिस्त हवी. प्रत्येक विधान तीनपैकी कोणत्या प्रकारचे आहे, हे वक्त्याने सांगितलेच पाहिजे: पुराव्याने सिद्ध, परंपरेने सांगितलेले, की केवळ तर्क. दंतकथेला हाकलून देण्याची गरज नाही. तिला दंतकथा म्हणून बसायला जागा द्यावी.

१६/ एका तासाच्या व्याख्यानाला फार लागत नाही. एक वीरगळ, एक कागद, जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरमधील एक नोंद, एक विहीर आणि एक वृद्ध साक्षीदार. गॅझेटिअर वाचताना ते इंग्रज सरकारच्या नजरेने लिहिलेले आहे, याचे भान ठेवावे. वृद्धांचे बोलणे त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करावे. दगडाचे छायाचित्र घ्यावे, पण त्याला खडू, पीठ वा रंग लावू नये.

१७/ कारण दरम्यान ऱ्हास थांबलेला नाही. जीर्णोद्धारात वीरगळी पायरीखाली जातात. शिलालेखांवर ऑइलपेंट चढतो. वाडा पाडताना माळ्यावरचे मोडी रुमाल रद्दीच्या भावाने जातात. ज्या गावाला आपल्या अंगणातील दगड वाचता येत नाही, ते गाव तो जपणार तरी का? इतिहास दूर कोठेतरी, मोठ्या माणसांच्या बाबतीत घडतो, हे वर्षानुवर्षे व्यासपीठावरून शिकवले गेले. त्या शिकवणीचा परिणाम म्हणजे ही रद्दी.

१८/ इतिहासप्रेमी तरुणांनी पुढील उत्सवात संयोजकांना एकच प्रश्न विचारावा: या व्याख्यानात आपल्या गावाविषयी, पुराव्यासह, नवे असे एक तरी वाक्य असणार आहे का? उत्तर ‘नाही’ असेल, तर फलकावरील ‘आपल्या गावाचा’ हे दोन शब्द पुसावेत. उत्तर ‘हो’ यावे असे वाटत असेल, तर तयारी आजच सुरू करावी. सुरुवात पारावरच्या दगडापासून करता येते.