खणलेला थर पुन्हा मिळत नाही

१/ नाशिकच्या गोदाकाठची जुनी मातीची गढी. १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी येथे उत्खनन केले. पांडवलेण्यांतील शिलालेखांमुळे सातवाहनकालीन नाशिक अभ्यासकांना परिचित होतेच. गढीच्या तळाशी मात्र त्याहून पुरातन, ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या खुणा मिळाल्या. त्याच मोहिमेत संगमनेरजवळच्या जोर्वे गावी सापडलेल्या रंगीत खापरांवरून पुढे एका संपूर्ण संस्कृतीला ‘जोर्वे’ हे नाव मिळाले.

२/ थर आणि खापरे आधीचे-नंतरचे सांगतात. पण नेमकी किती वर्षे लोटली? शेतात काय पिकत होते? याची उत्तरे कुदळीपाशी नसतात. कार्बन-१४ ची कालमापन पद्धत शिकागो विद्यापीठात नुकतीच सिद्ध झाली होती. भारतात तशी प्रयोगशाळा नव्हती.

३/ सांकलियांनी यावर शोधलेला मार्ग सहकार्याचा होता. १९५२-५३ मध्ये नर्मदेच्या दोन तीरांवरील महेश्वर आणि नावडातोली येथे पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ यांनी एकत्र उत्खनन केले. १९५८ च्या अहवालावर सांकलिया, सुब्बाराव आणि देव अशी तिघांची नावे आहेत.

४/ पुढे नावडातोलीच्या नमुन्यांचे कालमापन अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत झाले. जळलेले धान्य लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील विष्णु-मित्रे यांनी अभ्यासले. गहू, मसूर, मूग, जवस अशी त्या प्राचीन गावाची पिके प्रकाशात आली. एकाच संस्थेच्या चार भिंतींत हे घडणे शक्य नव्हते.

५/ आज विद्यापीठे क्रमवारीच्या शर्यतीत आहेत. सामंजस्य करारांवर समारंभपूर्वक स्वाक्षऱ्या होतात. पण करार म्हणजे सहकार्य नव्हे. नमुने कोणाकडे जाणार, निष्कर्षांवर कोणाचे नाव येणार, हे पहिली कुदळ मारण्यापूर्वी ठरले पाहिजे.

६/ या आग्रहामागे एक कठोर सत्य आहे. हस्तलिखित दुसऱ्यांदा वाचता येते, नाणे पुन्हा तपासता येते. खणलेला थर मात्र कायमचा नष्ट होतो. त्या वेळी वनस्पतितज्ज्ञ सोबत नसेल, तर मातीसोबत फेकला गेलेला दाणा पुढची कोणतीही पिढी परत आणू शकत नाही.

७/ नाशिकमध्येच यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. एकीकडे मानवी हाडे वाचणारे, दुसरीकडे नाणी वाचणारे, तिसरीकडे गावोगावच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचणारे. या तिघांनी एका मेजाभोवती बसण्यासाठी जिल्ह्याबाहेर जाण्याचीही गरज नाही.

८/ सात दशकांपूर्वी, तुटपुंज्या साधनांत, पुणे बडोद्याला जोडले गेले. एका जिल्ह्यातील संस्थांना तेवढे अंतरही कापायचे नाही. नाशिकचा पुढचा थर उघडण्यापूर्वी हे व्हावे.