हसलं नाही की ‘खडूस’!

बायकांना विनोद कळत नाही, हा आरोप आपल्या चळवळीवर पहिल्यापासून होत आला आहे. भोंडल्याच्या गाण्यांतून सासरच्या माणसांची यथेच्छ टिंगल करणाऱ्या बायांची विनोदबुद्धी ऑफिसात पाऊल टाकताच कशी संपते? मला वाटतं, संपत काहीच नाही. भोंडल्यात सून आपल्यावर सत्ता गाजवणाऱ्यांना हसते. ऑफिसात साहेब हाताखालच्या बाईला हसतो आणि तिनेही हसावं अशी अपेक्षा ठेवतो.

हे विनोद आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. एखादीला बढती मिळाली की ती ‘कशी’ मिळाली यावर डोळे मिचकावायचे. बाळंतपणाच्या रजेवरून आलेलीला ‘झाली का मजा?’ विचारायचं. राखीव जागेवर आलेल्या मैत्रिणीला ‘सरकारी जावई’ म्हणून डिवचायचं. कुणी हरकत घेतली की उत्तर ठरलेलं: ‘अहो मॅडम, गंमत केली!’ एवढं म्हटलं की बोलणारा सुटतो आणि ऐकणारी खडूस ठरते. म्हणून ती हसते. उद्या रजेचा अर्ज त्याच साहेबापुढे ठेवायचा असतो, गोपनीय अहवालही तोच लिहिणार असतो. पुढे कधी तक्रार केलीच, तर ‘तीही हसत होती’ हाच तिच्याविरुद्धचा पुरावा होतो.

‘एवढ्या तेवढ्याचं काय?’ हे फक्त सहकारीच म्हणतात असं नाही. 1988 साली रूपन देओल बजाज या आयएएस अधिकारी महिलेने पंजाबचे पोलीसप्रमुख के. पी. एस. गिल यांच्याविरुद्ध विनयभंगाची तक्रार केली. उच्च न्यायालयाने ती बाब क्षुल्लक ठरवून गुन्हा रद्द केला. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि 1996 मध्ये गिल दोषी ठरले. एका वरिष्ठ अधिकारी स्त्रीला इतकं झगडावं लागलं, तर कंत्राटी सफाई कामगार बाईने काय करावं?

विशाखा खटल्यातील 1997 च्या मार्गदर्शक सूचनांत आणि पुढे 2013 च्या कायद्यात लैंगिक अर्थाचे शेरे हा छळच मानला आहे. वर्तन तिला नकोसं होतं का, हे कायदा पाहतो. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान ठिकाणच्या बाईला, घरकामगार बाईलाही, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रारीची मुदत साधारण तीन महिन्यांची आहे.

काही मैत्रिणी विचारतात, प्रत्येक विनोद समितीपुढे न्यायचा का? नाही. पण समितीकडे जायचं नाही म्हणजे हसायचं, असंही नाही. एकटीच हसली नाही तर ती नजरेत येते. पाचजणी हसल्या नाहीत तर विनोद जागीच पडतो. ‘यात हसण्यासारखं काय, जरा समजावून सांगा’ असं शांतपणे विचारलं, तर सांगणाऱ्याची पंचाईत होते. तरीही थांबलं नाही, तर तारीख, शब्द आणि हजर असलेल्यांची नावं लिहून ठेवावीत. तक्रारीच्या वेळी त्या नोंदी उपयोगी पडतात.

हाच नियम आपण आपल्या संघटनांनाही लावायला हवा. वस्तीतल्या कार्यकर्तीच्या बोलीची नक्कल, कुणाच्या जातीवरून, रंगावरून, एकटं असण्यावरून केलेली थट्टा आपल्या बैठकांतही ऐकू येते. तिथेही ‘गंमत केली’ हेच उत्तर मिळतं. 2013 च्या कायद्यात या थट्टेला जागा नाही, म्हणून ती आपणच थांबवली पाहिजे.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या कामाच्या ठिकाणचा एक विनोद सांगावा: कोण कुणाला हसलं, आणि कोणाला हसावं लागलं. त्या बैठकीत आपण पोटभर हसूही, याची मला खात्री आहे.