खणातली घड्याळे आणि एक मोती

घड्याळे जमविणाऱ्या रसिकाला एकाच घड्याळावर समाधान मानता येईल काय, असे कुणी विचारले तर आपल्यापैकी बहुतेक जण प्रश्न हसण्यावारी नेतील. छंद म्हटला की अनेक आलेच. तिकिटे जमविणाऱ्याला ‘एकच ठेव’ असे कुणी सांगत नाही. मग घड्याळवाल्यालाच हा उपदेश का? शिवाय घड्याळ म्हणजे दारू नव्हे, जुगार नव्हे. हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. आम्हांला तो मान्य नाही. का नाही, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

तिकीट वहीत चिकटविले तरी ते तिकीटच राहते. घड्याळाचे तसे नाही. ते चालण्यासाठी असते आणि ते बांधायला मनगट एकच असते. मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी बसणारे घड्याळ काढून ठेवले, की साधारण दीड-दोन दिवसांत थांबते. अशी दहा-वीस घड्याळे बाळगणाऱ्यांसाठी बाजारात विजेवर चालणारी पेटी मिळते. ती आतल्या घड्याळांना दिवसरात्र गोल फिरविते, म्हणजे आपण कुणाच्या तरी हातावर आहोत असे त्यांना वाटावे! मालकी माणसाची, असे आपण समजतो. येथे तर वस्तूंच्या सेवेला यंत्र नेमावे लागते आणि त्या यंत्राचे वीजबिल मालक भरतो. पेटीत न ठेवलेल्या घड्याळांतले तेल कालांतराने सुकते. न वापरलेली वस्तूही अशी आपला हिशेब मागतच राहते.

‘मग एकच घ्यावे, पण सर्वोत्तम घ्यावे,’ असा दुसरा पक्ष आहे. त्याला हल्ली साधेपणाचे नाव मिळते. या पक्षाने हेन्री ग्रेव्ह्ज या अमेरिकन बँकरची कथा ध्यानी घ्यावी. मोटारींचे कारखानदार जेम्स वॉर्ड पॅकार्ड यांच्याप्रमाणे त्यांनाही गुंतागुंतीच्या घड्याळांचा शौक होता. जिनीव्हाच्या पाटेक फिलिप कंपनीने 1933 साली ग्रेव्ह्ज यांना एक खिशातले घड्याळ करून दिले. त्यात 24 निरनिराळ्या करामती होत्या. न्यूयॉर्कवरचे रात्रीचे आकाशसुद्धा त्यात दिसे. 2014 साली जिनीव्हातील लिलावात त्याला 2 कोटी 30 लाख स्विस फ्रँकहून अधिक किंमत आली. संख्येने ते घड्याळ एकच; पण साऱ्या घड्याळांची हाव एका डबीत दाबून बसवावी, तसे ते आहे. तेव्हा प्रश्न मोजणीने सुटत नाही. एकाही वस्तूत लोभ पुरेपूर मावतो.

हे परदेशातल्या धनिकांचे झाले, असे म्हणून आपण सुटणार नाही. एच.एम.टी.ने 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळुरात घड्याळे बनविण्यास आरंभ केला. चावीचे ‘जनता’ घड्याळ नोकरीला लागलेल्या मुलाच्या, लग्नातल्या नवऱ्याच्या हाती आले. जानेवारी 2016 मध्ये केंद्र सरकारने हा घड्याळउद्योग बंद करण्याचा निर्णय घेतला आणि घरोघरी खणात पडलेली घड्याळे एकाएकी ‘दुर्मीळ’ ठरू लागली. निळी तबकडी, हिरवी तबकडी, देवनागरी आकड्यांची तबकडी. आत यंत्र बहुधा तेच! मागणी वाढली तसे जुन्या तबकड्या रंगवून नव्या म्हणून खपविणारेही निपजले. ज्या घड्याळाचे नावच ‘जनता’, ते जनतेच्या मनगटावरून उतरून काचेच्या कपाटात गेले.

संग्राहकांची बाजूही न्याय्यपणे मांडली पाहिजे. त्यांनी विकत घेतली नसती, तर यांतली कितीतरी घड्याळे भंगारात गेली असती. स्टेशनाबाहेरच्या टपरीत डोळ्याला भिंग लावून बसलेल्या घड्याळजीला आज जे काम मिळते, त्यातले बरेचसे या हौशी मंडळींमुळेच. हे ऋण आम्ही नाकारीत नाही. पण वाचविणे निराळे आणि साठविणे निराळे. बुडत्याला काठावर आणणारा त्याला पुढे आपल्या घरी कोंडून ठेवीत नाही.

आणखी एक भाबडेपणा टाळावयास हवा. आमच्या वडिलांनी आयुष्यभर एकच घड्याळ वापरले. रात्री रोझरी झाली की ते चावी देत. पुष्कळ वर्षे आम्ही त्यांच्या या समाधानाचे गोडवे गायिलो. परंतु खरे सांगावयाचे तर दुसरे घेण्याची त्यांची ऐपतच नव्हती. गरिबीने लादलेल्या ‘एका’ला वैराग्य म्हणणे हा गरिबांवर अन्याय आहे. ज्याला अनेक परवडतात, त्याने राखलेल्या ‘एका’लाच सद्गुणाची कसोटी लागते.

ती कसोटी संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात घालून दिली आहे. 1548 साली पोपमहोदयांची मान्यता मिळालेल्या या ग्रंथात ते तीन प्रकारची माणसे आपल्यापुढे उभी करतात. प्रत्येकाजवळ दहा हजार डुकॅट आहेत आणि प्रत्येकाला त्यांची आसक्ती डाचते आहे. पहिला आसक्ती सोडू इच्छितो, पण मरणघटकेपर्यंत काहीच करीत नाही. दुसऱ्याला आसक्ती सोडावयाची आहे, मात्र पैसा हातचा न जाऊ देता. तिसरा ठेवणे आणि देणे या दोहोंस सारखाच तयार असतो. देवाची इच्छा काय, एवढेच तो विचारतो. आमच्या मते बहुतेक संग्राहक दुसऱ्या वर्गातले. ‘माझा जीव काही त्यात अडकलेला नाही,’ असे ते शपथेवर सांगतील. फक्त कपाटाची किल्ली मागू नका!

मग संग्राहकाला एकावर समाधान मानता येईल काय? मत्तयकृत शुभवर्तमानातील मोत्यांचा व्यापारी पाहा. तो अडाणी नव्हता. असंख्य मोती पारखल्यामुळेच त्याला तो एक मोती ओळखता आला. म्हणजे आधीचा शोध वाया गेला नाही. पण तो मोती मिळविण्यासाठी त्याने जवळचे सर्वस्व विकले. प्रभू येशूने तो दाखला स्वर्गराज्याविषयी सांगितला, घड्याळांविषयी नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीही एक गोष्ट त्यात स्पष्ट आहे: त्या खरेदीनंतर तो मनुष्य मोत्यांचा व्यापारी उरला नाही. तेव्हा आमचे उत्तर असे, की होय, येईल. मात्र त्या दिवशी तो संग्राहक राहणार नाही. दोन्ही साधण्याचा प्रयत्न म्हणजे दुसऱ्या वर्गात कायमचे ठाण मांडणे होय.

आमच्या सूचनेत नवे काही नाही. खण उघडावा. घड्याळे दुरुस्त करून घ्यावीत आणि ज्यांच्या मनगटावर ती चालतील त्यांना द्यावीत: दृढीकरण संस्कार घेणाऱ्या भाचीला, रात्रपाळीच्या परिचारिकेला, पहिल्या नोकरीवर निघालेल्या शेजारच्या मुलाला. 

वाचक विचारतील, तुमचे काय? आमच्या खणात सात घड्याळे आहेत. वडिलांचे ठेवून बाकीची सहा घड्याळजीकडे तेलपाण्यासाठी दिली आहेत. ती परत आली की खणात जाणार नाहीत, असे ठरविले आहे. छापून आल्यावर शब्द फिरविणे जड जाते, हाही हा लेख लिहिण्यामागचा एक हेतू आहे.