बी.ए.ला प्रवेश घेताय? आधी कॉलेजात तास होतात का ते विचारा

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच हिशेब मांडला जातो. सायन्सवाला इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंगच्या मागं. कॉमर्सवाला बी.कॉम. नाहीतर बी.बी.ए. आणि ज्याचं कुठंच जमलं नाही तो बी.ए. ‘कायतरी पदवी पाहिजे म्हणून’ हे वाक्य तर इतकं रुळलंय की पोरं स्वतःच ते सांगतात, तेही थोडं खाली बघून.

खरी गोम अशी, की बी.ए.ला नाव असलेली बरीच पोरं बी.ए. शिकतच नाहीत. कॉलेजात नाव, मुक्काम अभ्यासिकेत. परीक्षा आली की गाईड आणायचं, चार दिवस वाचायचं, पेपर द्यायचा. बाकी वर्षभर भरतीची तयारी. ज्याच्या घरी थोडी ऐपत आहे तो पुण्याला जातो. खोली, मेस, क्लास आणि अभ्यासिकेचे पैसे बाप उसाच्या किंवा कापसाच्या बिलातून भरतो. २०२३ च्या तलाठी भरतीत जागा साडेचार हजारांच्या आसपास होत्या आणि अर्ज आले दहा लाखांच्या वर. अर्जाची फी खुल्या गटाला हजार रुपये, राखीवला नऊशे. एवढ्या गर्दीत नंबर लागला नाही तर हातात काय उरतं? न शिकलेली बी.ए.

आता यात एक मोठा बदल झालाय, आणि त्याची चर्चा गावाकडं व्हायला पाहिजे तेवढी होत नाही. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. म्हणजे चार पर्यायांतला गोळा काळा करायचा जमाना तिथं संपला. १७५० गुणांची लेखी परीक्षा आहे. त्यात २५० गुणांचा निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर मिळून १०००, आणि वैकल्पिक विषयाचे दोन पेपर मिळून ५००. सामान्य अध्ययनात इतिहास, भूगोल, समाज, राज्यघटना, अर्थव्यवस्था येते. वैकल्पिकला इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, मराठी साहित्य घेता येतं. हे विषय कुठं शिकवतात? तालुक्याच्या कॉलेजात, बी.ए.च्या वर्गात, ज्या वर्गात कुणी बसत नाही.

तलाठी, पोलीस भरतीची लेखी अजून पर्यायीच आहे, त्यामुळं सगळ्यांचं गणित एकदम बदललं असं नाही. पण ज्याला मोठ्या पदाकडं बघायचंय, त्याला आता एखाद्या प्रश्नावर स्वतःच्या शब्दांत दोन पानं लिहिता आली पाहिजेत. ती सवय तीन महिन्यांच्या क्रॅश कोर्सनं लागत नाही. तीन वर्षं दर आठवड्याला लिहून, सरांकडून तपासून घेऊन लागते.

दुसरा बदल नव्या शैक्षणिक धोरणाचा. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत तो २०२४-२५ पासून आला. आता मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय, दुसऱ्या शाखेतला एक खुला विषय, कौशल्याचा विषय, फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंग आहे. कागदावर हे चांगलंच आहे. पण ज्या कॉलेजात आर्ट्स सोडून दुसरी शाखाच नाही, तिथं दुसऱ्या शाखेतला विषय शिकवणार कोण? मग उरकाउरकी होते. फील्ड प्रोजेक्टचंही तेच. गावाच्या पाणीयोजनेचा इतिहास, ग्रामसभेचे ठराव, ऊसतोड कुटुंबांच्या पोरांची शाळा असे विषय आपल्या दारात पडलेत. पण नेटवरून उतरवलेली पानं बाइंडिंग करून दिली जातात.

एक सावधगिरी मात्र नक्की घ्या. एक वर्षानंतर बाहेर पडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी आणि चार वर्षांनी ऑनर्स अशी सोय आहे. काही जणांना वाटतं, एका वर्षात काम झालं. तसं नाही. जिथं पदवीधर पाहिजे तिथं सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा चालत नाही. तलाठ्याला पदवीच लागते. एल.एल.बी.चा तीन वर्षांचा कोर्स, एम.एस.डब्ल्यू. यांनाही पदवीच लागते.

पोरींचा विषय तर वेगळाच. कितीतरी घरांत पोरीला पुण्याला पाठवायचा प्रश्नच येत नाही. तिच्यासाठी तालुक्याचं कॉलेज हेच एकमेव कॉलेज, आणि तिथं बहुतेक वेळा आर्ट्सच. बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट होता, पुढं सवलतीच्या पासचे पैसे भरावे लागतात. त्यात सकाळची गाडी चुकली की पहिले दोन तास गेले. वर्गात पुढच्या बाकावर या पोरीच बसलेल्या दिसतात. तास झालाच नाही तर सगळ्यात जास्त नुकसान त्यांचंच, कारण त्यांना अभ्यासिका नाही की क्लास नाही.

तास का होत नाहीत, याचा दोष नुसता पोरांवर ढकलून भागणार नाही. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या. कारभार तासिका तत्त्वावरच्या सरांवर, त्यांचं मानधन महिनोन्महिने अडकलेलं. ते दोन-तीन कॉलेजं फिरतात, म्हणजे तासही तसेच होणार. रयत शिक्षण संस्थेनं १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते फी परवडत नाही अशा पोरांसाठी. ‘कमवा आणि शिका’ म्हणत पोरं तिथं राबून शिकली. आज इमारती आहेत, नॅकचे बोर्ड आहेत, शिकवणारा माणूस कमी पडतोय. आमदार-खासदार कॉलेजच्या गॅदरिंगला येतात, तेव्हा हा प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

म्हणून प्रवेशाचा अर्ज भरायच्या आधी बापानं पोराला घेऊन एकदा कॉलेजात जावं. ज्या विषयात पदवी घ्यायची त्याला कायम प्राध्यापक किती, ते विचारावं. गेल्या वर्षीचं वेळापत्रक मागावं. दुय्यम आणि खुले विषय प्रत्यक्षात कोणते शिकवतात ते बघावं. ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं असतं आणि पुस्तक घरी मिळतं का, हेही विचारावं. आणि जमलं तर तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या पोरीला गाठून विचारावं, या आठवड्यात किती तास झाले. ऑफिसातल्या क्लार्कपेक्षा ती खरं सांगेल.